मोटर का जळते, डीपी का उडते: खान्देशातल्या मळ्यांवरून येणारे नेहमीचे प्रश्न

चोपडा, यावल, रावेरची केळी असो, शिरपूरचा कापूस असो की शहाद्याची पपई, इथलं बहुतेक पाणी मोटरीनेच वर येतं. ऐन मे महिन्यात मोटर जळाली की बागेचे दिवस मोजावे लागतात. तरीही मोटर का जळाली हे विचारलं तर बहुतेकदा 'लाईट खराब होती' एवढंच उत्तर मिळतं. खरं कारण त्यापुढे असतं आणि ते समजण्यासारखं आहे. शेतकरी, वायरमन आणि आयटीआयची मुलं मोटरीबद्दल आणि डीपीबद्दल (म्हणजे मळ्याला वीज देणाऱ्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल) जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

रोटरला वीज जोडलेलीच नसते, मग मोटर फिरते कशी?

मोटर उघडली की बाहेरचा स्टेटर दिसतो. पातळ पोलादी पत्र्यांच्या खाचांत तांब्याच्या तारेचं वाइंडिंग बसवलेलं असतं. तिन्ही फेजच्या वायरी इथेच येतात आणि इथेच संपतात. मधल्या रोटरमध्ये अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दांड्या असतात आणि दोन्ही टोकांना त्या कड्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. त्याला बाहेरून काहीच जोडलेलं नसतं.

तीन फेजमधला करंट एकाच वेळी कमाल पातळीवर पोहोचत नाही. आधी एक फेज, मग दुसरा, मग तिसरा, असा फेरा सेकंदाला ५० वेळा होतो. तिन्ही फेजचं वाइंडिंग स्टेटरमध्ये सारख्या अंतरावर वाटलेलं असल्यामुळे चुंबकीय क्षेत्राचा जोरही एका जागी न थांबता गोल सरकत राहतो. स्टेटर जागचा हलत नाही, पण आतल्या पोकळीत चुंबक फिरवल्यासारखा परिणाम होतो.

हे फिरतं क्षेत्र रोटरच्या दांड्यांवरून जात राहतं. चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत व्होल्टेज निर्माण होतं, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. रोटरच्या दांड्या टोकांना जोडलेल्या असल्यामुळे त्या व्होल्टेजमुळे त्यांच्यात मोठा करंट वाहतो. करंट वाहणारी दांडी चुंबकीय क्षेत्रात असली की तिच्यावर जोर येतो, आणि तो जोर रोटरला फिरत्या क्षेत्राच्या मागे ओढत नेतो. या कल्पनेवर इटलीतल्या गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेतल्या निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे काम केलं आणि दोघांचंही काम १८८८ मध्ये लोकांसमोर आलं. आज आपण वापरतो तशी तीन फेजची, पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटर दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यांनी १८८९ मध्ये बनवली.

या रचनेत ब्रश नाहीत आणि ठिणगी पडायला जागा नाही. म्हणूनच अशी मोटर बोअरच्या तळाशी, पाण्यात बुडून वर्षानुवर्षं चालू शकते.

पाटीवर २८८० किंवा १४४० फेरे का लिहिलेले असतात? पूर्ण ३००० किंवा १५०० का नाहीत?

दोन पोलच्या (म्हणजे दोन चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरीत क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, चार पोलच्या मोटरीत १५००. रोटरनेही तोच वेग गाठला तर क्षेत्र दांड्यांवरून जाणारच नाही, करंट तयार होणार नाही आणि जोरही संपेल. म्हणून रोटरला नेहमी थोडं मागे राहावं लागतं. या फरकाला स्लिप म्हणतात.

मोटरीबद्दलची पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत. पंपाचा भार वाढला की रोटर आणखी थोडा मागे पडतो, दांड्यांमधला करंट वाढतो आणि त्यासोबत स्टेटरही लाईनवरून जास्त करंट घेतो. म्हणजे किती करंट घ्यायचा हे मोटरवर पडलेलं काम ठरवतं. मोटर झेपत नाही म्हणून थांबत नाही. मागितलेलं काम पुरं करण्यासाठी ती जळेपर्यंत करंट ओढते.

कमी व्होल्टेजला बल्ब मंद होतो, मग मोटर जास्त गरम का होते?

साध्या बल्बला व्होल्टेज कमी मिळालं की करंटही कमी होतो. मोटरीचं उलट होतं, कारण पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं. वेग फार घटत नाही, त्यामुळे पंपाचं काम जवळपास तेवढंच राहतं. व्होल्टेज घटलं की ती उणीव मोटर करंट वाढवून भरून काढते.

हिशोब करून बघा. ४१५ व्होल्टची मोटर ३५० व्होल्टवर चालली तर करंट साधारण १९ टक्के वाढतो. पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वाइंडिंगमध्ये सुमारे ४० टक्के जास्त उष्णता तयार होते. त्याच वेळी मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घसरते. ३५० व्होल्टला ती मूळच्या ७१ टक्क्यांवर येते, ३०० व्होल्टला जेमतेम निम्म्यावर. अशा वेळी मोटर सुरू होताना उचल घेत नाही, घुमत बसते, आणि सुरू होतानाचा करंट नेहमीच्या पाच ते सात पट असतो. तो काही सेकंदांत उतरायला हवा. उतरला नाही तर वाइंडिंग किती वेळ तग धरेल हे तुम्हीच ओळखा.

त्यात आपल्या भागातलं ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. वाइंडिंगचं तापमान ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं (तारेवरच्या वीजरोधक आवरणाचं) आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या क्षेत्रातला जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. मोटर एका दिवसात जळाल्यासारखी वाटते, पण तिचं इन्सुलेशन कित्येक उन्हाळे करपत आलेलं असतं.

व्होल्टेज नेहमी लाईनमध्येच कमी असतं असंही नाही. मीटरपासून मोटरपर्यंत ३०० मीटर अंतर असेल आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली असेल, तर ५ एचपीची मोटर चालताना त्या केबलमध्येच १६-१७ व्होल्ट जातात. स्वस्त पडते म्हणून २.५ ची टाकली तर २५ च्या आसपास. केबलमध्ये वाचवलेले पैसे पुढे रिवाइंडिंगला, म्हणजे जळालेलं वाइंडिंग नव्याने भरायला जातात.

एक फेज गेला तर नक्की काय होतं?

मोटर बंद असताना एक फेज गेला तर क्षेत्र गोल फिरतच नाही, फक्त मागे-पुढे होतं. जात्याचा खुंटा नुसता पुढे-मागे ढकलला तर जातं फिरणार नाही, तसंच. स्टार्टर दाबला की मोटर घुमते, हलत नाही आणि भला मोठा करंट खाते.

मोटर चालू असताना फेज गेला तर धोका जास्त, कारण ती थांबत नाही. आधीचा वेग असल्यामुळे उरलेल्या दोन फेजवर ती फिरत राहते, पण काम तेवढंच करायचं असल्यामुळे त्या दोन वायरींमधला करंट पावणेदोन पट किंवा त्याहून जास्त होतो. पाणी थोडं कमी पडतं आणि मळ्यात कोणाच्या लक्षातही येत नाही.

जळालेली मोटर रिवाइंडिंगला उघडली की हा प्रकार चटकन ओळखू येतो. स्टार जोडणीच्या (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेल्या) मोटरीत दोन फेजच्या कॉईल काळ्या पडलेल्या असतात आणि तिसऱ्या फेजच्या अगदी नव्यासारख्या दिसतात. डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेल्या मोटरीत) बहुतेक वेळा एकाच फेजच्या कॉईल काळ्या होतात. सगळ्याच सारख्या काळ्या असतील तर कारण ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेजचं. कारागिराला जळालेल्या कॉईल दाखवायला सांगा. पैसे देण्याआधी एवढं बघितलं तर पुढची मोटर वाचते.

आणखी एक गोष्ट वायरमन सोडून फार थोड्यांना माहीत असते. डीपीच्या वरच्या ११ केव्ही (११,००० व्होल्ट) बाजूचा एकच डीओ, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज उडाला तर खाली तिन्ही फेजवर दिवे लागलेले दिसतात. पण नीट बघितलं तर एक दिवा पूर्ण उजेडाचा आणि दोन मंद. त्या दोन फेजवर निम्मंच व्होल्टेज असतं. दिवे बघून 'तिन्ही फेज आहेत' असं समजून मोटर लावू नका. सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) घेतानाही तीन फेजमधली असमानता ओळखणारा घ्या. फक्त फेज आहे-नाही एवढंच बघणारा इथे फसतो.

दोन फेजवर कपॅसिटर टाकून मोटर चालवली तर चालेल का?

कपॅसिटर म्हणजे वीज थोडी साठवून परत देणारा डबा. दोनच फेज येत असताना तो तिसऱ्याची जागा घेतो, म्हणून मोटर फिरते, पाणीही येतं. पण तिन्ही वाइंडिंगमधला करंट सारखा राहत नाही, एक वाइंडिंग कायम जास्त तापतं. केळीला पाणी द्यायचंच आहे, पर्याय नाही, हे समजतं. तरी ही सवय मोटरीचं आयुष्य खाते आणि डीपीवर दोनच फेजचा भार टाकून शेजाऱ्यांचंही व्होल्टेज बिघडवते.

रात्रीच्या पाळीसाठी ऑटो स्विच लावला तर त्यात काय चुकलं?

रात्री दोनला लाईट येणार, त्यासाठी माणसाने अंधारात, थंडीत, सापा-बिबट्याच्या भीतीत मळ्यात जाऊन बसावं असं कोणी म्हणणार नाही. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोमागची गरज खरी आहे. बिघाड होतो तो सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी लागल्यामुळे.

१०० केव्हीएची डीपी धरा (केव्हीए हे डीपीच्या क्षमतेचं माप). तिच्या खालच्या बाजूची क्षमता सुमारे १३३ अँपिअर. तिच्यावर ५ एचपीच्या १५ मोटरी, चालताना प्रत्येकी साधारण ८ अँपिअर, म्हणजे १२०. चालू स्थितीत डीपी व्यवस्थित पेलते. पण लाईट आल्याबरोबर पंधराही मोटरी एकदम सुरू झाल्या आणि प्रत्येकीने सहापट करंट घेतला तर मागणी ७०० अँपिअरच्या वर जाते. व्होल्टेज कोसळतं. कोसळलेल्या व्होल्टेजला एकही मोटर नीट उचल घेत नाही, म्हणून सगळ्या तशाच घुमत राहतात आणि करंट उतरत नाही. मग फ्यूज जातो, नाहीतर कोणाची मोटर, नाहीतर डीपीच.

यावर उपाय स्वस्त आहे. ऑटोबरोबर टायमर किंवा डिले असलेला स्टार्टर घ्या आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून वेळा वाटून घ्या: पहिली मोटर लाईट आल्यावर लगेच, दुसरी अर्ध्या मिनिटाने, तिसरी एक मिनिटाने. एकट्या शेतकऱ्याने टायमर लावून उपयोग नाही, डीपीवरच्या सगळ्यांनी मिळूनच हे करावं लागतं. एवढ्या थोड्या पैशात गावाचं एवढं नुकसान वाचवणारी दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही.

डीपीच्या टाकीत असतं काय?

पातळ पत्र्यांचा लोखंडी गाभा, त्याभोवती तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या तारेची दोन प्रकारची वेटोळी, आणि तेल. फिरणारा भाग एकही नाही. वरून येणाऱ्या ११ केव्ही बाजूची वेटोळी बारीक तारेची आणि खूप असतात, खालच्या बाजूची जाड तारेची आणि थोडी. वरचा करंट गाभ्यात सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि तेच क्षेत्र खालच्या वेटोळ्यांतून जात असल्यामुळे तिथे व्होल्टेज तयार होतं. दोन बाजूंमध्ये तारेचा संबंध नसतो, सगळी ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. फॅरेडेने १८३१ मध्ये लोखंडी कड्यावर दोन कॉईल गुंडाळून प्रयोग केला होता. आपली डीपी त्याच रचनेची आहे.

दर वेढ्यामागे मिळणारं व्होल्टेज दोन्ही बाजूंना सारखंच असतं, त्यामुळे वेढ्यांच्या प्रमाणात व्होल्टेज वाटलं जातं. आपल्या डीपीत वरच्या एका कॉईलवर ११,००० व्होल्ट आणि खालच्या एका फेजवर २५० व्होल्ट, म्हणजे खालच्या एका वेढ्यामागे वर ४४ वेढे. व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो: १०० केव्हीएच्या डीपीत वर फक्त सव्वापाच अँपिअर येतो आणि खाली १३३ अँपिअर मिळतो.

गाभा अखंड लोखंडाचा केला असता तर बदलत्या क्षेत्रामुळे त्या लोखंडातच करंट फिरला असता आणि ते तापलं असतं. म्हणून साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचे, एकमेकांपासून इन्सुलेट केलेले सिलिकॉन पोलादाचे पत्रे वापरतात. मोटरच्या स्टेटरमध्येही पत्रे याचसाठी असतात.

तेल दोन कामं करतं: वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन सांभाळतं आणि आतली उष्णता टाकीच्या पत्र्यापर्यंत, बाहेरच्या पट्ट्या-नळ्यांपर्यंत नेतं. तेल गळून किंवा चोरीला जाऊन पातळी खाली गेली की वरची वेटोळी उघडी पडतात आणि डीपी जळणार हे ठरलेलंच. बांधावरून जाताना टाकीखाली ओल किंवा काळा डाग दिसला तर त्याच दिवशी कळवा. ब्रीदर (टाकीत जाणारी हवा कोरडी करणारं भांडं) असेल तर त्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली आहे का हेही बघता येतं. गुलाबी म्हणजे ती ओलाव्याने भरली आणि आता हवेतली ओल तेलात शिरू शकते.

डीपी घुमते ती बिघडली म्हणून का?

नाही. चुंबकीय क्षेत्र बदललं की गाभ्याचे पत्रे अगदी किंचित लांब-आखूड होतात, सेकंदाला १०० वेळा. तो एकसारखा आवाज नेहमीचाच. तडतड किंवा फुटल्यासारखा आवाज आला तर मात्र लांब उभं राहून वायरमनला बोलवा.

वीज एवढ्या मोठ्या व्होल्टेजने का आणतात? थेट ४०० व्होल्टने का नाही?

तेवढीच वीज डीपीच्या खालच्या बाजूच्या ४३३ व्होल्टऐवजी ११,००० व्होल्टने पाठवली तर करंट सुमारे पंचविसाव्या भागावर येतो आणि तारेत जाणारी वीज सुमारे साडेसहाशेव्या भागावर. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रात ५०० मेगावॅटचे संच आहेत. तिथे तयार झालेली वीज आधी ट्रान्सफॉर्मरने वर चढवतात आणि मग टप्प्याटप्प्याने ती तुमच्या डीपीपर्यंत उतरत येते. वीज वाहून नेण्यात अल्टरनेटिंग करंट जिंकला तो मुख्यतः ट्रान्सफॉर्मरमुळे.

कपॅसिटर लावून काय मिळतं? बिल तर येतच नाही.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्यात मोफत वीज आहे, त्यामुळे बिलाचा विचार बाजूला ठेवू. मोटरला क्षेत्र तयार करायला जो करंट लागतो, तो लाईनमध्ये नुसता ये-जा करतो, पाणी चढवत नाही. तो कपॅसिटर जागच्या जागी पुरवतो. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा) ०.७५ वरून ०.९५ झाला तर लाईनवरचा करंट सुमारे २१ टक्के कमी होतो. डीपी कमी तापते, शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याला दोन-चार व्होल्ट जास्त मिळतात. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरचं माप) कपॅसिटर पुरतो.

सबमर्सिबल मोटर पाण्यात असून जळते कशी?

पाण्याने भरलेल्या मोटरीत वाइंडिंगची तार प्लास्टिकच्या आवरणाची असते, त्यामुळे पाणी आत असणं हे तिचं नेहमीचंच. पण मोटर थंड राहते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. बोअरमध्ये मोटर खाली, पंप वर असतो, पाणी मोटरला घासून पंपात चढतं. पाण्याचा झरा पंपाच्या वर असेल, किंवा मोटर मोठ्या विहिरीत नुसतीच सोडली असेल, तर मोटरभोवतीचं पाणी हलत नाही आणि ती बुडालेली असूनही तापते. अशा ठिकाणी मोटरवर बाहेरून पाइपाचं आवरण बसवतात, म्हणजे पाणी खालून फिरून येतं. गाळात रुतलेल्या मोटरचंही तेच.

यावल-रावेर पट्ट्यात पाणी फार खोल गेलं आहे. मोटर आणि पंप मिळून ४५ टक्के कार्यक्षमता धरली तर लाईनवरून ५ किलोवॅट घेणारा पंप १०० मीटरवरून सेकंदाला जेमतेम सव्वादोन लिटर पाणी देतो. पाण्याची पातळी आणखी खाली गेली की पाणी त्याहून कमी येतं, आणि एका क्षणी पंप हवा ओढायला लागतो. कोरडा चाललेला पंप काही मिनिटांत बेअरिंग आणि सील खातो. पाणी संपलं की मोटर बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर खोल बोअरला हवाच. नवी मोटर उतरवण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी पूर्ण भरलं का हे स्वतः बघा.

पाणी कमी येतंय, फेज उलटे तर झाले नसतील?

होऊ शकतं. डीपीवर काम झाल्यावर कोणतेही दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते, आणि उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो. स्टार्टरवर दोन वायरी बदलून बघा. ज्या दिशेला पाणी जास्त, ती दिशा बरोबर.

रिवाइंडिंग केलेली मोटर नव्यासारखी चालते का?

चालू शकते, जर तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या मूळचीच ठेवली तर. बारीक तार भरली की मोटर सुरुवातीपासूनच तापते. जुनी तार काढायला स्टेटर जास्त तापवला तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर भार नसतानाही गरम राहते. चांगला कारागीर वेढे मोजून लिहून ठेवतो. त्याच्याकडे दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

सौर पंपाची मोटर सकाळी हळू का फिरते?

पॅनेलमधून डीसी येतो, कंट्रोलर त्याचे तीन फेज बनवतो आणि उन्हाप्रमाणे फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करतो. फ्रिक्वेन्सी घटली की फिरतं क्षेत्रच हळू होतं. व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटवलेलं असतं, म्हणून मोटर तापत नाही आणि सुरू होताना झटकाही बसत नाही. भुसावळहून सुटणाऱ्या मालगाडीला डब्ल्यूएजी-९ इंजिन असेल तर त्यातही हेच चालतं. वरच्या तारेतले २५,००० व्होल्ट इंजिनातला ट्रान्सफॉर्मर उतरवतो, त्याचे तीन फेज बनतात आणि सहा इंडक्शन मोटरी मिळून ६,००० हून जास्त एचपी देतात.

वायरमन येत नाही, डीपीचा फ्यूज स्वतः टाकला तर?

टाकू नका, खालचा स्विच पाडलेला असला तरीही. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी सारखाच चालतो. कोणी घरी जनरेटर किंवा इन्व्हर्टर लावून चेंजओव्हर स्विच (लाईन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) न बसवता तो थेट बोर्डाला जोडला, तर त्याचे २३० व्होल्ट डीपीच्या खालच्या बाजूने शिरतात आणि त्याच ४४ पट प्रमाणात वरच्या बाजूला हजारो व्होल्ट होऊन उभे राहतात. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या माणसाला ते दिसत नाहीत. म्हणून वायरमन काम सुरू करण्याआधी तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडतात. जनरेटर घेतलाच असेल तर चेंजओव्हर त्याच दिवशी बसवून घ्या, आणि तुमच्या डीपीवर आणखी कोणाकडे जनरेटर आहे ते वायरमनला सांगून ठेवा.